घरी न पोचण्याचे आठ सोपे धडे

स्कीइंग शिकवायला शाळा आहेत, लाल जॅकेटातले मास्तर आहेत, पोरांना टेकडीवर नेऊन सोडणारा सरकता गालिचासुद्धा आहे. स्की करून झाल्यावर घरी कसं यायचं, हे मात्र कोणी शिकवत नाही. ब्रेकनरिज, कीस्टोन किंवा कॉपर माउंटनहून रविवारी संध्याकाळी डेन्व्हरकडे निघालेला माणूस ही विद्या आय-७० महामार्गावर, स्वतःच्या खर्चाने आणि पुढच्या गाडीच्या बंपरच्या साक्षीने शिकतो. ती गैरसोय दूर व्हावी म्हणून ही मार्गदर्शिका. प्रस्तुत लेखकाने यातला प्रत्येक धडा स्वतः गिरवलेला आहे. काही धडे दोनदा.

आधी थोडा भूगोल. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे हे शहर जवळपास कळसूबाईच्या उंचीवर वसलंय. तिथून पश्चिमेला निघालं की तासाभराच्या अंतरावर आयझेनहॉवर-जॉन्सन बोगदा लागतो. त्याची उंची ११,००० फुटांच्या वर. कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली तरी ती बोगद्याच्या पश्चिमेकडच्या तोंडापेक्षा थोडी बुटकीच ठरेल. वरच्या तिन्ही स्कीच्या जागा या बोगद्याच्या पलीकडे, आणि आपलं घर, ऑफिस, पोरांची शाळा अलीकडे. ब्रेकनरिज ते डेन्व्हर अंतर सुमारे ८० मैल. रस्ता मोकळा असेल तर दीड-पावणेदोन तास. रविवारी संध्याकाळी किती, हे विचारायचं नसतं. सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यावर भटजींना ‘किती वेळ लागेल’ असं कोणी विचारतं का?

धडा पहिला: टायरकडे बघू नका

गाडी विकत घेताना रंग बघावा, आवाज ऐकावा, नारळ फोडावा. टायर गोल आहेत ना, मग झालं.

कोलोरॅडो सरकारचं मत वेगळं आहे. १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात, डॉटसेरो ते मॉरिसन या डोंगरी टप्प्यात रस्ता बर्फाळ असेल तर गाडीला साजेसे टायर लागतात, नाहीतर साखळ्या. टायरच्या नक्षीची खोली कमीत कमी ३/१६ इंच हवी, म्हणजे जेमतेम पावणेपाच मिलिमीटर. ती मोजायला इथले लोक २५ सेंटचं नाणं उलटं धरून टायरच्या खाचेत घालतात. जॉर्ज वॉशिंग्टनच्या डोक्याचा वरचा भाग बाहेर दिसला तर टायर संपले असं समजायचं. आपल्या टायरमध्ये वॉशिंग्टनसाहेब पार गळ्यापर्यंत दिसत होते. मी नाणं खिशात परत टाकलं आणि म्हटलं, छान, चेहरा ओळखीचा निघाला.

नियम मोडून तुमच्यामुळे रस्ता अडला तर दंड साडेसहाशे डॉलरच्या वर जातो. चार नवे टायर घेणं काही मंडळी ‘फार महाग पडतात’ म्हणून टाळतात. ही मंडळी हिशेबाला पक्की असतात. फक्त बेरीज करायची राहून जाते.

शिवाय थंडीत टायरमधली हवा आकसते. तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने उतरतो. डॅशबोर्डवर त्याचा पिवळा दिवा लागतो. नवशिक्याने त्याला नंदादीप समजावं आणि तेवत ठेवावं.

धडा दुसरा: चारला निघा

लिफ्ट साधारण चारला बंद होतात. पैसे भरलेत, तेव्हा शेवटची लिफ्ट सोडायची नाही. मग बूट काढायचे, भाड्याच्या स्की परत करायच्या, एका मुलाचा हातमोजा शोधायचा, तो सापडल्यावर दुसऱ्या मुलाचा शोधायचा आणि पाचच्या सुमाराला रस्त्याला लागायचं. नेमका हाच विचार त्या संध्याकाळी डोंगरावरच्या प्रत्येकाने केलेला असतो.

दुपारी बारालाच निघणारे काही लोक असतात. काही जण फ्रिस्को गावात निवांत जेवतात आणि सातनंतर, गर्दी ओसरल्यावर निघतात. या लोकांना आम्ही भित्रे म्हणतो. ते आमच्या आधी घरी पोचतात.

पाचची वेळ निवडण्यात आणखी एक खुबी आहे. जानेवारीत सूर्य याच सुमाराला मावळतो. दिवसभर उन्हात वितळलेलं पाणी रस्त्यावर पसरलेलं असतं, ते आता गोठायला लागतं. शिवाय दिवसभर पडून-उठून चालकाच्या मांड्यांची लाकडं झालेली असतात, उंचीवरच्या कोरड्या हवेने डोकं ठणकत असतं आणि पाणी प्यायचं त्याला सकाळपासून सुचलेलं नसतं. गाडी चालवायला यापेक्षा वाईट अवस्थेतला माणूस शोधून सापडणार नाही. पण सोमवारी सकाळी नऊला मीटिंग आहे. या डोंगरात जेवढे लोक बर्फामुळे खड्ड्यात जातात, तेवढेच या नऊच्या मीटिंगमुळे जात असावेत असा माझा दाट संशय आहे.

धडा तिसरा: काच मुठीएवढीच पुसा

दोन दिवस उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीवर फूटभर बर्फ साचलेला असतो. नवशिक्याने क्रेडिट कार्डाने चालकाच्या समोरची एक गोल जागा खरवडावी, कौलारू घराच्या झरोक्याएवढी, आणि निघावं. टपावरचा बर्फ वाऱ्याने उडून जाईल असं मानावं. तो उडतोही. मागच्या गाडीच्या काचेवर. उरलेला ढीग पहिल्या ब्रेकला पुढे घसरतो आणि आपलीच काच पांढऱ्या चादरीने झाकतो. वेग पन्नास मैल, समोर फक्त चादर. अशा वेळी बायको जे बोलते ते या मार्गदर्शिकेत छापण्यासारखं नाही.

काच धुण्याच्या टाकीत आपण ऑगस्टमध्ये साधं पाणी भरलं होतं, हेही याच वेळी आठवतं. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून इथे मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण फवारतात. त्याने पाण्याचा गोठणबिंदू खाली उतरतो. पण पुढच्या ट्रकच्या चाकातून तेच द्रावण चिखलासकट काचेवर उडतं आणि वायपर फिरला की काचेवर खिरीसारखी साय धरते. कडाक्याच्या थंडीतही न गोठणारं वॉशरचं पाणी दुकानात काही डॉलरला मिळतं. आमच्या टाकीतल्या साध्या पाण्याची मात्र एव्हाना वीट झाली होती. मागे बसलेल्या मित्राने थर्मासमधला गरम चहा काचेवर ओतायची सूचना केली. थंडगार काचेवर गरम काही ओतलं तर ती तडकू शकते. त्यामुळे आणि चहा आल्याचा होता त्यामुळे, सूचना नामंजूर झाली.

धडा चौथा: चढावर श्रद्धा ठेवा

सिल्व्हरथॉर्नपासून बोगद्यापर्यंत सुमारे नऊ मैलांचा चढ आहे. नवशिक्याच्या गाडीच्या पाठीवर ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ असा बिल्ला असतो. तो ताईत आहे. तो असला की निसर्गाचे नियम लागू होत नाहीत.

काही अंशी हे खरंही आहे. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी चढते चांगली, आणि त्यामुळेच माणूस फसतो. ब्रेक सगळ्यांच्याच गाडीला चारही चाकांना असतात. थांबायच्या वेळी बिल्लेवाल्याला पाचवं चाक मिळत नाही. थांबवतो तो टायर आणि पुढे राखलेलं अंतर. बर्फावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या कितीतरी पट जागा लागते. पण पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं की त्यात कोणीतरी घुसतं. मग काय करायचं? पुन्हा अंतर ठेवायचं. हे उत्तर नवशिक्याला अपमानास्पद वाटतं, कारण मुंबईत किंवा पुण्यात रिकामी जागा सोडणं हा मूर्खपणाचा पुरावा मानतात.

चढावर बर्फ काढणारे नांगर भेटतात. दोन-तीन नांगर तिरप्या ओळीत, एकमेकांच्या जरा मागे, अख्खा रस्ता साफ करत हळूहळू चाललेले असतात. त्यांना ओलांडायचा मोह होतो. असं ओळीत चाललेले नांगर ओलांडायला कायद्याने बंदी आहे. आणि त्यांच्या पुढचा रस्ता, कळायला हवं, अजून साफ व्हायचाय. शहाण्याने त्यांच्या मागे पालखीमागे चालावं तसं चालावं. वेग कमी, पण वाट शुद्ध.

धडा पाचवा: बोगद्यातून बाहेर पडताना खुश व्हा

बोगदा १.७ मैल लांब. पश्चिमेकडे जाणारी नळी १९७३ साली सुरू झाली, आपण घरी येतो ती पूर्वेकडची १९७९ साली. डोक्यावर अमेरिकेचा महाजलविभाजक. पश्चिम बाजूचं पाणी कोलोरॅडो नदीत जातं, पूर्व बाजूचं प्लॅट आणि मिसूरी करत मेक्सिकोच्या आखाताकडे. रांग फार वाढली की आत गाड्या तुंबू नयेत म्हणून बोगद्याबाहेर वाहतूक थोपवून धरतात. तेवढ्या वेळात मागच्या सीटवर चिवड्याचा पहिला डबा संपतो.

आत उजेड, कोरडा रस्ता, वारा नाही. नवशिक्याचा खांदा सैल पडतो, वेग वाढतो, ‘चला, संपलं एकदाचं’ असं कोणीतरी म्हणतं. पण डोंगराच्या दोन बाजूंना हवामान दोन प्रकारचं असू शकतं. अलीकडे चांदणं होतं म्हणून पलीकडेही असेलच असं नाही. बोगद्याच्या तोंडातून बाहेर पडल्यावर पहिल्या शंभर फुटांत आपण दुसऱ्याच ऋतूत असतो. समोरून बर्फ आडवा येतोय म्हणून दिवे मोठे केले तर समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवे खालचेच ठेवायचे. नवशिक्याने अर्थातच मोठे करावेत, म्हणजे भिंत स्वच्छ दिसते.

धडा सहावा: उतारावर ब्रेक दाबून धरा

इथे मराठी माणसाची छाती फुगते. ‘आम्ही कसारा घाट उतरलेली माणसं! आंबोलीला धुक्यात गाडी काढलीय!’ हे वाक्य प्रत्येक गाडीत एकदा उच्चारलं जातं आणि त्यानंतर पाच मिनिटांत ब्रेकचा जळका वास येतो.

गंमत अशी की घाटाची खरी विद्या आपल्याकडे आहे, आपण ती विमानतळावर ठेवून आलो. घाट उतरणारा एसटीचा चालक सांगायचा: ज्या गियरात चढलास त्याच गियरात उतर. गाडी इंजिनाने धरायची, ब्रेक जपून ठेवायचा. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र. ते सतत दाबून ठेवलं की तापतं, आणि तापलेला ब्रेक हळूहळू दाद देईनासा होतो. ऑटोमॅटिक गाडीतही गियरच्या दांड्याजवळ ‘एल’ किंवा ‘एम’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पाच वर्षांत मी त्या अक्षरांना हात लावला नव्हता. तो परदेशी कंपनीचा काही अंतर्गत मामला असेल असं मला वाटायचं. तेच ते एसटीवाल्याचं गियर. फक्त उतार सुरू होण्याआधी, सावकाश खाली घ्यायचं. निसरड्यावर एकदम गियर पाडला तर चाकं हिसका खाऊन घसरतात.

बोगद्यापासून डेन्व्हरपर्यंत जवळपास सहा हजार फूट उतरायचंय. म्हणजे अख्खी कळसूबाई, आणि वर सिंहगडाच्या चढाचा एखादा टप्पा. क्रूझ कंट्रोल लावून पाय पसरून बसायची ही जागा नव्हे. चाक घसरतंय हे त्या यंत्राला कळेपर्यंत ते बिचारं वेग राखायच्या प्रामाणिक प्रयत्नात असतं.

धडा सातवा: दिसत नाही ते नाही असं माना

जॉर्जटाउन सोडलं की रस्ता क्लिअर क्रीकच्या काठाने दरीत शिरतो. बर्फ पडायचा थांबलेला असतो, डांबर काळंभोर आणि ओलसर दिसतं. नवशिक्या म्हणतो, ‘आता रस्ता क्लिअर आहे.’ त्याला ब्लॅक आइस म्हणतात.

नाव फसवं आहे, तो काळा नसतो. तो काचेसारखा पारदर्शक असतो आणि आपल्याला खालचं डांबर दिसतं. सावलीतली वळणं आणि पूल या त्याच्या आवडत्या जागा. पुलाला खालूनही गार वारा लागतो, म्हणून तो बाकीच्या रस्त्याच्या आधी गोठतो. आणि फार कडाका असला की बर्फ फार निसरडा, हाही गैरसमजच. पारा शून्य सेल्सिअसच्या आसपास असतो तेव्हा बर्फावर पाण्याची पातळ साय असते, आणि तेव्हाच तो सगळ्यात वाईट.

घसरल्यावर करायच्या गोष्टी नवशिक्याला उपजत येतात: किंचाळणं, ब्रेकवर नाचणं आणि ज्या कठड्याला धडकायचं नाही त्याच्याकडे टक लावून बघणं. गाडी नजरेच्या मागे जाते, तेव्हा कठडा हमखास भेटतो.

आदल्याच सकाळी नवशिक्यांच्या बनी स्लोपवर मास्तरांनी याच गोष्टीसाठी आपला घसा बसवला होता. झाडाकडे बघू नका, जिथे जायचंय तिकडे बघा. तेच इथे. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, जायचंय तिकडे नजर आणि तिकडेच हळुवार चाक. ब्रेक दाबावाच लागला आणि गाडीला एबीएस असला, तर ठाम दाबून धरायचा. पायाखाली थरथर आणि खडखड होते, ते एबीएस आपलं काम करतोय. माझ्या पायाखाली ती पहिल्यांदा झाली तेव्हा मी घाबरून पाय काढला होता. पाचशे डॉलर मोजून शिकलेली विद्या बूट परत करताना आपण काउंटरवरच ठेवून आलो, एवढंच त्या क्षणी मला कळलं.

धडा आठवा: अडकून बसण्याचा सराव करा

आयडाहो स्प्रिंग्सच्या अलीकडे सगळं थांबतं. पुढे कोणीतरी धडा सातवा गिरवलेला असतो. लाल दिव्यांची माळ दरीच्या टोकापर्यंत. इथे पाऊण तास जाऊ शकतो, तीन तासही जाऊ शकतात.

अशा वेळेसाठी गाडीत काय असावं याच्या याद्या सगळीकडे मिळतात: ब्लँकेट, पाणी, फावडं, टॉर्च, चार्जर आणि चाकाखाली टाकायला वाळू किंवा मांजराच्या शौचपेटीतला भुसा. तो भुसा मी आणला तेव्हा घरी अर्धा दिवस चौकशी झाली की मांजर कुठंय. प्रत्यक्ष आमच्या गाडीत निघालं ते असं: चिवड्याचे दोन डबे, सतरा धपाटे, लिंबाचं लोणचं, आणि लग्नाला येऊ न शकलेल्या कोणाच्या तरी नावाची साडी. फावडं गॅरेजमध्ये होतं. भुसाही.

आता या धड्यापुरती थट्टा बाजूला. बर्फात गाडी रुतून बसली तर गाडी सोडून चालत निघू नका. इंजिन तासाला दहा-एक मिनिटंच चालवा, आणि त्याआधी उतरून मागचं धुराडं बर्फाने बुजलेलं नाही ना, ते हाताने चाचपा. बुजलेल्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. एक काच बोटभर उघडी ठेवा. बाकी सगळे धडे चुकले तरी चालतील, हा चुकायचा नाही.

तर आम्ही असे बसलेलो असताना फोन वाजला. डेन्व्हरमध्ये हिवाळ्यात रविवारचे साडेसात वाजतात तेव्हा नाशकात सोमवारचे आठ वाजलेले असतात. आईची पूजा आटोपलेली असते.

‘पोचलात का?’

बायकोने फोन धरला होता. तिने माझ्याकडे बघितलं. ‘हो आई, पोचतोच आहोत,’ मी म्हणालो. मराठी क्रियापदांत ‘पोचतोच’ इतकं लवचिक दुसरं रूप नाही.

परिशिष्ट: तुम्ही अजून उतरलेले नाही

फ्लॉइड हिल ओलांडली, जेनेसी आलं. खाली डेन्व्हरचे दिवे दिसायला लागतात, डोंगर संपला असं वाटतं. नेमक्या इथे महामार्ग खात्याने ट्रकवाल्यांसाठी मोठ्या पिवळ्या पाट्या लावल्यात. एकीवर लिहिलंय की फसू नका, अजून चार मैल तीव्र उतार आणि वळणं आहेत. थोडं पुढे दुसरी: तुम्ही अजून उतरलेले नाही. आणि शेवटच्या उतारावर, ज्यांनी दोन्ही पाट्या मनावर घेतल्या नाहीत त्यांच्यासाठी, खडी भरलेली एक चढती वाट. ब्रेक गेलेल्या ट्रकने त्यात घुसून थांबायचं.

माझी दहा वर्षांची मुलगी ती दुसरी पाटी मोठ्याने वाचते. ‘बाबा, आपण ट्रक नाही ना?’

‘नाही.’

‘मग आपण उतरलो?’

मी खांदे सैल सोडले आणि हो म्हटलं.

साडेदहाला घरी पोचलो. आमचा ड्राइव्हवे उत्तरेला तोंड करून आहे. त्याला दिवसभर ऊन लागत नाही, हे गेली पाच वर्षं मला ठाऊक आहे. छतावरून ठिबकलेलं पाणी त्यावर गोठलेलं होतं. रस्ता क्लिअर दिसत होता. मी खांद्यावर स्की घेतल्या, हातात धपाट्यांचा डबा घेतला, दाराकडे बघण्याऐवजी पायाकडे बघितलं आणि दुसऱ्या पावलाला आकाशातले तारे एकदम समोर आले. स्की एका बाजूला, डबा दुसऱ्या बाजूला, मी मधे.

खिशातला फोन वाजला. नाशकात अकरा वाजले होते.

‘पोचलास का रे नीट?’

‘पोचलो आई. आडवा पडूनच बोलतोय.’

‘बरं केलंस,’ आई म्हणाली. ‘दमला असशील. आता उठू नकोस.’